शिक्षक व्हावे काय? कांद्याच्या भावावरून एक हिशेब

दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? उत्तरात डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी अधिकारी ही नावे हटकून येतात. ‘शिक्षक’ हे नाव आले तर शेवटी येते, आणि तेही ‘काहीच जमले नाही तर’ अशी पुस्ती जोडून. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आहे. बी.एस्सी.च्या वर्गात शिकवण्याची उत्तम हातोटी असलेली मुले-मुली मला दरवर्षी दिसतात. ‘तू शिक्षक हो’ असे म्हटले की ती हसतात व म्हणतात, ‘सर, भरती कुठे आहे?’

हा प्रश्न रास्त आहे. त्याला नुसत्या उपदेशाने उत्तर देणे म्हणजे तुमची फसवणूक होईल. शिक्षणक्षेत्रात पुढे वाव आहे की नाही, असल्यास कोठे आहे, आणि त्यासाठी आज काय करावे, याचा विचार आपण विज्ञानाचे विद्यार्थी जसा करतात तसा, म्हणजे हिशेब मांडून करू.

कांद्याचा धडा

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण नाव बदलले तरी नेप्तीच्या आणि घोडेगावच्या बाजारातल्या कांद्याचा स्वभाव काही बदललेला नाही. एका वर्षी भाव चढतो. ते पाहून शेजारीपाजारी सगळेच कांद्याची रोपे टाकतात. रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने जातात. सगळ्यांचा कांदा एकदमच बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग पुढच्या हंगामात लोक कांद्याकडे पाठ फिरवतात, माल कमी येतो आणि भाव पुन्हा चढतो.

यात कोणी मूर्ख नसतो. प्रत्येक जण समोर दिसणाऱ्या भावावरून निर्णय घेतो. पण त्या निर्णयाचे फळ हाती येईपर्यंत काळ लोटलेला असतो. लांब नळीतून येणाऱ्या गरम पाण्याखाली उभे राहिलात तर हाच अनुभव येईल. पाणी थंड वाटते म्हणून तुम्ही तोटी जास्त सोडता. नळीतले जुने थंड पाणी संपेपर्यंत काही क्षण जातात, मग एकदम चटका बसतो. तुम्ही घाईने तोटी बंद करता, आणि थोड्या वेळाने पुन्हा हुडहुडी भरते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये विलंब असला, की दुरुस्ती करण्याची धडपडच हेलकावे निर्माण करते. अर्थशास्त्रज्ञ याचा आलेख काढतात तेव्हा तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, म्हणून त्याला तेच नाव पडले आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ साली तेथील इंजिनिअरांच्या बाबतीत असाच हेलकावा दाखवून दिला होता.

आता शिक्षकांकडे पाहू. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. विद्यालयांचे पेव फुटले. बारावी झाली की दोन वर्षांत डी.एड. आणि लगेच जिल्हा परिषदेत नोकरी, हा सरळ रस्ता समजला जाई. चांगल्या गुणांच्या मुलांमध्येही प्रवेशासाठी चढाओढ असे. पुढे २०१२ पासून काही वर्षे शिक्षक भरती जवळजवळ थांबली. पदविका घेतलेली हजारो मुले-मुली घरी बसली. ते पाहून नव्या मुलांनी पाठ फिरवली, जागा रिकाम्या राहू लागल्या आणि कित्येक विद्यालयांना टाळे लागले. कांद्याला विलंब चार-पाच महिन्यांचा, डी.एड.ला दोन वर्षांचा. बारावीनंतर बी.एस्सी. आणि दोन वर्षांचे बी.एड. करून माध्यमिक शिक्षक व्हायचे तर पाच वर्षांचा. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट परीक्षा धरून सहा-सात वर्षांचा. विलंब जितका मोठा, तितका आजचा ‘भाव’ पाहून निर्णय घेणे अधिक धोक्याचे.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. ‘आज भरती नाही म्हणून शिक्षक होऊ नये’ हे म्हणणे जितके कच्चे, तितकेच ‘आज जाहिरात निघाली म्हणून शिक्षक व्हावे’ हेही कच्चे. तुम्ही आज नववीत असाल तर तुमचा माल बाजारात येईल तो आणखी आठ-दहा वर्षांनी.

टाकीतले पाणी

मग आठ-दहा वर्षांनी काय असेल? ते नेमके कोणीच सांगू शकत नाही. पण एक साधा हिशेब करता येतो. शाळेतील शिक्षक साधारण पंचविसाव्या वर्षी नोकरीस लागतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, असे धरू. म्हणजे सेवा ३३ वर्षांची. शंभर शिक्षक असतील आणि त्यांची वये सारखी विभागलेली असतील, तर दरवर्षी सुमारे तीन जण निवृत्त होतील. शिक्षकांची संख्या एकानेही वाढवायची नाही असे ठरवले, तरी दर शंभरामागे दरवर्षी तीन नवे शिक्षक घ्यावेच लागतील. टाकीच्या तळाची तोटी सतत वाहते आहे. पातळी कायम ठेवायची तर वरून तेवढेच पाणी आले पाहिजे.

वरचा नळ पाच-सहा वर्षे बंद ठेवला तर शंभरातली पंधरा-अठरा पदे रिकामी होतात. मग एके दिवशी नळ धो धो सोडला जातो. आपल्या राज्यात शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ साली झाली, त्यानंतर थेट २०२३ साली, आणि पुढे २०२५ साली. मधल्या सहा वर्षांत ज्यांचे शिक्षण पूर्ण झाले त्यांनी काय करावे? आणि एकाच वेळी भरलेली मंडळी तीस-बत्तीस वर्षांनी एकाच वेळी निवृत्तही होणार, म्हणजे आजच्या हेलकाव्यातून उद्याचा हेलकावा जन्मणार.

माझे स्पष्ट मत असे आहे की, शिक्षक भरती दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, थोडी थोडी झाली पाहिजे. बोर्डाची परीक्षा दरवर्षी घेता येते तर भरतीही घेता येईल. पदे किती भरायची यावर मतभेद होऊ शकतील. पण नियमितपणाला वेगळा पैसा लागत नाही. हेलकावे शमवण्याचा उपाय तोटी थोडी थोडी फिरवणे हाच असतो.

मुले कमी होत आहेत, मग?

येथे एक आक्षेप येईल. ‘सर, खेड्यांतल्या शाळांत मुलेच कमी होत चालली आहेत, मग शिक्षक कशाला लागतील?’ आक्षेप खरा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एकूण जननदर दर स्त्रीमागे १.७ आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यास तो सुमारे २.१ असावा लागतो. म्हणजे वर्गात येणाऱ्या मुलांची संख्या पुढील काळात वाढणार नाही, घटेल. केवळ संख्येच्या जोरावर शिक्षणक्षेत्र वाढत राहील, हे जुने गृहीत आता सोडून दिले पाहिजे.

पण आवश्यक शिक्षकांची संख्या मुलांच्या संख्येवर जशी अवलंबून असते तशीच ती आपण कसले शिक्षण द्यायचे ठरवतो यावरही असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा किमान एकेक शिक्षक असावा असेही त्यात आहे. वर्गात पन्नासऐवजी तीस मुले बसली, तर शिक्षक कमी करायचे, की त्या तिसांना प्रयोग स्वतःच्या हाताने करू द्यायचे? पहिला मार्ग स्वस्त आहे. दुसरा मार्ग आजवर आपल्याला गर्दीमुळे शक्य झाला नव्हता, तो आता शक्य आहे. माझे मत दुसऱ्या बाजूने आहे.

शिवाय मागणी ही पावसासारखी आभाळातून पडत नाही, ती माणसे निर्माण करतात. याचे दाखले आपल्याच जिल्ह्यात आहेत. एकोणिसाव्या शतकात मिस सिंथिया फॅरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली पुण्यात त्यांची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे अहमदनगरला घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालये श्रीरामपूर-कोपरगावपर्यंत पोचली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याच्या आधाराने पुढे शाळा उभ्या राहिल्या. यांपैकी कोणीही आधी ‘भरती आहे का’ असे विचारले नाही. त्यांनी शाळा काढल्या, म्हणून शिक्षकांच्या जागा निर्माण झाल्या.

शिकवणे हे विचाराचे काम

हुशार मुलाने शिक्षक होणे म्हणजे बुद्धी वाया घालवणे, असा एक समज आहे. तो किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चला. देवळालीच्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. त्यांच्याकडे फक्त बी.एस्सी.ची पदवी होती. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले आणि फावल्या वेळात अंकांशी खेळले. त्यांचा एक शोध तुम्ही आताच करून पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या; फक्त चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लावून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तराशी पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ, २०२४ घेतल्यास :

४२२० − ०२२४ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ हीच संख्या येत राहील. कोणत्याही संख्येपासून निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तुम्ही येथेच पोचता. आपल्याकडे अनेकांनी कापरेकरांची थट्टा केली; पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जग त्यांना ओळखू लागले.

दुसरे उदाहरण सत्येंद्रनाथ बोस यांचे. ते ढाक्याला विद्यापीठात शिकवत होते. प्लांकच्या प्रारण-नियमाची पुस्तकातील सिद्धता विद्यार्थ्यांसमोर मांडताना ती त्यांना पटेना. म्हणून त्यांनी स्वतःची सिद्धता शोधली आणि १९२४ साली ती आइन्स्टाइन यांच्याकडे धाडली. बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीचा उगम त्यातून झाला. प्रत्येक शिक्षकाच्या हातून असा शोध लागेल असे नव्हे. पण ‘हे मला खरोखर समजले आहे काय?’ हा प्रश्न वर्गापुढे उभे राहिल्यावर जितका टोचतो तितका अन्य कोठे टोचत नाही. पतंगाला वाऱ्याचा आधार कसा मिळतो, हे सातवीच्या मुलीला पटेल असे सांगून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आजचे उदाहरण हवे असेल तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांचे घ्या. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून मुलांना ध्वनी-चित्रफितींपर्यंत नेण्याची त्यांची कल्पना होती. मिळालेल्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली.

यंत्र शिक्षकाची जागा घेईल काय?

मोबाइलवर चित्रफिती आहेत, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. मग शिक्षक हवाच कशाला? अशी भविष्यवाणी पूर्वीही झालेली आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात भारताने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले. जगाने कौतुक केलेला तो प्रयोग होता. पण त्यातही प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देणे हा एक महत्त्वाचा भाग होता. कारण पडद्यावरचा माणूस मुलाची वही पाहू शकत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाइलवरचे वर्ग सर्वांनी अनुभवलेच.

माहिती सांगणे एवढेच ज्या शिक्षकाचे काम आहे, त्याची जागा यंत्र घेईल, आणि घ्यावीही. मुलाच्या उत्तरातली चूक कोठून आली हे ओळखणे, हाताला धरून तारेचा जोड दाखवणे, घाबरलेल्या मुलीला फळ्याशी आणणे, ही कामे राहतील. किंबहुना त्यांची किंमत वाढेल.

वाटा कोणत्या?

‘शिक्षणक्षेत्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त खडू घेतलेला गुरुजी येतो. प्रत्यक्षात या क्षेत्रात अनेक कामे आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी, वीजतंत्री यांसारखे व्यवसाय शिकवणारे निदेशक लागतात. अपंग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक फार थोडे आहेत व त्यांची गरज मोठी आहे. कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञ हेही शिक्षकच. आपल्या जिल्ह्यात बाभळेश्वरला असे केंद्र आहे आणि राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्यांचे विद्यार्थी शेतकरी असतात, एवढाच फरक. याखेरीज पाठ्यपुस्तके लिहिणे, मराठीत विज्ञानाचे भाषांतर करणे, प्रयोगाची साधने तयार करणे, विज्ञानकेंद्रे चालवणे ही कामेही आहेत. पुण्यातील आयुका संस्थेने मुलांसाठी विज्ञानकेंद्र चालवले आहे, आणि जिल्ह्याच्या सीमेपलीकडे खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरते. तेथे जाऊन मांडणी समजावून सांगणाऱ्या तरुणांशी बोला.

ज्यांना ही वाट खरोखर आवडते त्यांनी दोन ठिकाणे लक्षात ठेवावीत. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत बारावी विज्ञाननंतर चार वर्षांत बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र करता येते. तेथे महाराष्ट्रातील विद्यार्थी जाऊ शकतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ पासून ‘विज्ञान कसे शिकवावे’ हाच तेथील संशोधनाचा विषय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हाच पुढे शिक्षक होण्याचा मुख्य मार्ग ठरणार आहे.

काही स्पष्ट इशारे

एवढे सांगून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेत हे मानधन दरमहा ६००० रुपये होते. २०२३ साली ते १६००० झाले, माध्यमिकला १८००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात २००००. विनाअनुदानित शाळांत अनेकांनी वर्षानुवर्षे नाममात्र पगारावर काढली आहेत. महाविद्यालयांत घड्याळी तासांवर शिकवणारे, वयाची चाळिशी गाठलेले पदवीधर आहेत. शिक्षकाच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या समाजाने त्याच्या पगाराची तारीख पाळली पाहिजे. जगदीशचंद्र बोस १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, तेव्हा युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केल्यामुळे त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही. मात्र शिकवणे थांबवले नाही. योग्य मोबदला मागणे हे शिक्षकाला कमीपणा आणणारे नाही.

म्हणून माझे तुम्हांला तीन सल्ले आहेत. पहिला : विषय पक्का करा. पदवी नुसती उत्तीर्ण होऊन मिळवू नका. चांगले गणित, चांगले पदार्थविज्ञान येणारा माणूस भरती थांबली तरी उपाशी राहत नाही. दुसरा : शिकवण्यासोबत आणखी एक कौशल्य हाताशी ठेवा, मग ते संगणकाचे असो, इलेक्ट्रॉनिक्सचे असो वा लेखनाचे. एकाच पिकावर सगळे रान लावणारा शेतकरी हेलकाव्यात सापडतो. तिसरा : नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पैसे देऊन मिळवलेल्या खुर्चीवरून मुलांना प्रामाणिकपणा शिकवता येत नाही, आणि जमीन विकून भरलेली ती रक्कम पगारातून फिटायला अर्धे आयुष्य जाते.

शिक्षक बंधु-भगिनींनाही एक विनंती आहे. आपली गाऱ्हाणी खरी आहेत. पण वर्गातील सर्वांत चुणचुणीत मुलाला ‘काहीही हो, पण मास्तर होऊ नकोस’ असे सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपण निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीवर कोणीतरी बसणारच आहे. तो कोण असावा, हे आपल्या त्या एका वाक्याने ठरते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ही वाट घ्यावी की नाही, हे भावफलक पाहून ठरवू नका. या आठवड्यात एक प्रयोग करा. खालच्या वर्गातील एखाद्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज किंवा भिंगाने पडणारी प्रतिमा शिकवा. पहिल्या प्रयत्नात त्याला कळणार नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही वेगळ्या पद्धतीने सांगाल. तिसऱ्या वेळी त्याला उमगेल. तिसरी पद्धत शोधताना तुम्हांला कंटाळा आला, तर खुशाल दुसरे काही करा; पण तो शोध घेताना वेळ कसा गेला हे कळले नाही, तर हे काम तुमचे आहे. भरतीचे हेलकावे येतील आणि जातील. त्या वेळी तयार असलेल्यांत तुमचे नाव असावे.